मोहाखालच्या आरोळ्या

चार दिवसांपूर्वी सुनंदाचा फोन आला. "मोह टपकून राह्यला," एवढंच म्हणाली आणि रेंज गेली.

सुनंदा माझी भावजय. आमची वस्ती वर्ध्याकडच्या सेलू तालुक्यात, जंगलाच्या अगदी काठाला. तिथं फोन लागतो तो शाळेमागच्या टेकाडावर चढून, आणि तोही त्याच्या मर्जीनं. मी इकडे, तमिळ मुलखातल्या एका सूतगिरणीच्या वसतिगृहात. मध्ये एवढा मुलूख पडलाय की गाडीत बसल्यावर भाषा बदलत जातात, चहाची चव बदलत जाते, आणि शेवटी आपल्याला कुणी काही विचारलं तर आपण नुसते हसतो. एवढ्या लांबून आलेलं ते एक वाक्य मी पाळीभर कानात घेऊन फिरले. मोह लागला हे ऐकून आमच्याकडच्या कुणालाही आनंद व्हावा. मला धडकी भरते.

गिरणीत ऋतू नसतात. धागा तुटू नये म्हणून आत बारमाही दमट हवा सोडलेली असते. डोक्यावर, पापण्यांवर कापसाची लव बसते. एकदा कापसाच्या एका गाठीवर आमच्याच तालुक्यातल्या सिंदी रेल्वे गावाचं नाव दिसलं. मी त्या गाठीवर हात ठेवून उभी राहिले, तर मुकादम ओरडला. काय ओरडला ते कळलं नाही, कळायची गरजही नव्हती. तर असं हे ठिकाण. तरी होळीच्या सुमाराला माझी झोप भोंग्याच्या आधीच मोडायला लागते. त्या वेळी तिकडे माय टोपली घेऊन जंगलात शिरत असते. मी अंथरुणात पडून कान देते. इतक्या लांबून काय ऐकू येणार? पण कान लागतातच.

मोहाचं फूल तोडत नाहीत. ते आपण होऊन पडतं, पहाटेच्या गारव्यात पडत राहतं. टप्, टप्, अंधारात कुणीतरी दबक्या पावलानं चालावं तसं. खालचा पाचोळा आधीच जाळून जागा काळी करून ठेवलेली असते, त्यावर ती पिवळट, रसानं फुगलेली फुलं उठून दिसतात. वास असा की सकाळ होईस्तोवर डोकं जड होतं. त्या वासाला हरणं येतात, अस्वल येतं. हरणांच्या मागे जो यायचा तोही येतो. त्याचं नाव आम्ही मोहाखाली घेत नाही. आणि बाई तर तिथं ओणवी असते, मान खाली, पाठ उघडी. लांबून बघणाऱ्याला ते जनावरच वाटावं.

म्हणून आरोळ्या. माय 'आरोई' म्हणते. जंगलात गेल्यावर एकमेकींना नावानं हाक मारायची नाही, हा आमच्या वस्तीचा नेम. नाव जंगलाच्या कानावर पडू द्यायचं नाही. त्याऐवजी प्रत्येक बाईची स्वतःची आरोळी असते, शब्द नसलेली. मायची लांब, शेवटी उतरून जमिनीला टेकणारी. तिची धाकटी बहीण जनामावशी, जी आमच्याच वस्तीत दिलेली होती, तिची मध्येच उचकी लागल्यासारखी तुटायची आणि मग वर उडायची. ऐकणाऱ्याला हसू यायचं. ठराविक वेळानं एकीनं द्यायची, मग पुढचीनं, मग तिच्या पुढचीनं, अशी ती फेरी सगळ्या झाडांखालून फिरून परत यायची. एकदा दिली की अर्थ, मी इथं आहे. लागोपाठ दोनदा दिली तर, माझ्याकडे ये. दोनदा दिलेली आरोळी ऐकून बाई गेली नाही, असं कधी होत नसे. भांडण असलं तरी जायचंच.

मी पहिल्यांदा स्वतःची टोपली घेऊन गेले तो हंगाम मला सगळा आठवतो. सातवीची परीक्षा तोंडावर होती, बोटं मोहानं चिकट, आणि पुस्तकाच्या पानांना माशा लागत. त्याच वर्षी केतकीताई आली.

आमच्याकडे शिकलेली माणसं येणं नवं नव्हतं. मायच्या लहानपणी एक साहेब आले होते, त्यांनी सगळ्यांची नाकं आणि डोकी मोजली. वस्तीत त्यांचं नाव 'नाकवाला साहेब' असंच राहिलं. पुढे दंडातून रक्त काढून नेणारे आले, ते 'रक्तवाले'. जो जे घेऊन गेला, त्याचं नाव ते. केतकीताई वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला खोली करून राहायची आणि स्कूटरवरून यायची. तिला आमची गोंडी भाषा हवी होती, म्हणून ती 'टेपवाली बाई'. पाण्याला आमच्यात येर म्हणतात. तिनं तो शब्द चार जणींकडून चारदा वदवून घेतला, तेव्हा जनामावशी म्हणाली, "बाई व, इतकं येर येर करून राह्यली, तहान लागली असन तं सांग ना सरळ!" बाया पदरात तोंड घालून हसल्या. ताईही हसली. तिला हसताना मोजून हसायची सवय नव्हती, हे मला फार आवडलं.

शाळेत गोंडी बोलले की पोरं चिडवायची, म्हणून मी घरीही मराठीतच उत्तर द्यायची. आणि ही शहरातली बाई त्याच बोलीसाठी उन्हातान्हात येते, मायच्या पुढ्यात मांडी घालून बसते, कान पुढे करते. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपल्या घरात काहीतरी आहे. त्याबरोबर भीतीही वाटली. कुणाला काही हवं असलं, की ते जातं.

एका पहाटे ताई आमच्यासोबत मोहाखाली आली. तिथं बोलायचं नाही हे तिनं पाळलं. तिनं फक्त ते छोटं यंत्र काळ्या जमिनीवर ठेवलं आणि बाजूला बसून राहिली. फेरी सुरू झाली. पलीकडच्या नाल्याजवळून मावशीची उचकी वर उडाली, तशी ताईनं डोळे मिटले. घरी आल्यावर तिनं मावशीला तिचीच आरोळी ऐकवली. मावशी दचकून मागे सरली.

"अवं माय! मी अथी बसली हाओ, तं थे कोन होय?"

"तूच होय व," माय म्हणाली.

"मी नाई. मले इतकं भेसूर येते का?" मग ताईकडे वळून, "मिटवून टाकजो थे. नाईतं माह्या नवऱ्याले ऐकवजो, म्हंजे थो घरी लवकर येईन."

सगळ्या हसल्या. ताईनं ते मिटवलं नाही, आणि मावशीनंही पुन्हा म्हटलं नाही. म्हणणं खरं की थट्टा, हे कुणाला ठरवता येईल? आजही येत नाही.

हंगाम संपत आला होता. फुलं विरळ झालेली, म्हणून बाया जरा आत, जरा लांब जायला लागल्या होत्या. त्या सकाळी फेरी चालू होती. मायची आरोळी झाली, आता नाल्याकडून यायची. आली नाही. मायनं परत दिली. मोहाचं फूल माझ्या पाठीवर पडलं, टप्, आणि मी किंचाळले. त्यानंतरचं मी लिहिणार नाही. माझं लिहिणं वाचणाऱ्यांना ते कळतं, आणि मायला हे कुणी वाचून दाखवलं तर तिला ते पुन्हा बघावं लागू नये.

केतकीताईनं यंत्र पिशवीत टाकलं ते पुन्हा बाहेर काढलं नाही. ती आमच्याकडेच राहिली. मावशीच्या लेकरांना न्हाऊ घातलं, आलेल्या लोकांना चहा केला, वर्ध्याच्या कचेरीत भरपाईच्या कागदांसाठी मावशीच्या नवऱ्यासोबत बाकावर बसून राहिली. आठवीची शाळा जंगलापलीकडच्या गावात. जूनमध्ये सगळ्या पोरी गेल्या, मी गेले नाही. अभ्यासाचं भय नव्हतं मला, वाटेचं होतं. दप्तर खांद्याला लावलं की पाठ उघडी पडल्यासारखी वाटायची. सगळे रागावले. ताई तेवढी रागावली नाही. "शाळेत जाऊ नको, पण लिहिणं सोडू नको," म्हणाली, आणि पुढे कित्येक वर्षं टपालानं पुस्तकं पाठवत राहिली. आज मी हे चार शब्द जुळवते आहे ते तिच्यामुळे. ही गोष्ट मी कुठंही उभी राहून सांगेन.

आमच्यात बाई गेली की तिची आरोळी कुणी देत नाही. थट्टेनंसुद्धा नाही. पुढच्या मोहाला फेरी सुरू होते, तिची जागा येते, आणि सगळ्या तेवढ्यापुरत्या गप्प राहतात. एक श्वासभर. मग पुढची बाई देते. मावशीच्या त्या रिकाम्या जागेत मी पुढे कितीतरी पहाटे उभी राहिले आहे. ती जागा भयाण होती, पण तिच्यात धीरही होता. वाटायचं, हिशेब नीट आहे; कोण आहे आणि कोण नाही, हे झाडांना ठाऊक आहे.

मग दिवस बदलले. ताईचं येणं कमी झालं. एकदा म्हणाली, "आता भाषेचं काम कुणाला नको आहे गं. सगळ्यांना वाघ हवाय." खरंच होतं. आमच्या टेकाडावर गाड्या यायला लागल्या त्या आमच्यासाठी नव्हत्या. झाडांना कॅमेरे बांधले गेले. नवीन पोरं-पोरी यायची, फार गोड बोलायची, आणि विचारायची ते एवढंच: तुम्ही जंगलात किती वेळा जाता, कुठून जाता, जळण किती आणता? माय म्हणायची, "आंधी आमचं नाक मोजलं. आता त्याचे पंजे मोजून राह्यले. आमचा नंबर गेला बाप्पा!" हसायची ती, पण मला तिच्या हसण्याखाली काहीतरी हललेलं कळायचं. ज्यांच्या तोंडाकडे लोक कान करून बसत होते, त्यांच्याकडे आता जंगलातली एक अडचण म्हणून बघितलं जात होतं.

गंमत म्हणजे गेल्या वर्षी इथल्या वसतिगृहातही शिकणारी मुलं आली. दुभाषा घेऊन आली होती. लांबून कामाला आलेल्या मुलींवर अभ्यास. किती तास झोप, घरी कितीदा बोलता. मी म्हणजे चालत चालत दुसऱ्या विषयात येऊन बसले होते. त्यांनी विचारलं, "भीती कशाची वाटते?" मी 'मशीनची' म्हणून सांगितलं. खरी भीती सांगायची तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि मुकादम दारात उभा होता.

तेव्हा खरी भीती अगदी ताजी होती. त्याच वर्षीच्या मोहात ते घडलं होतं.

तिकडे आमच्या वस्तीत एक तरुण सर काम करायचे. झाडांना आवाज टिपणारे डबे बांधायचे म्हणून 'डब्बेवाले सर'. पोरगा मनाचा चांगला. सुनंदाच्या लेकराला ताप आला तर मोटारसायकलवर सेलूला घेऊन गेला होता. त्यांना बघायचं होतं की माणसाचा आवाज ऐकून जनावरं दूर जातात का. जात असतील तर बायांना वाचवता येईल, असा त्यांचा विचार. म्हणजे आमच्याच भल्याचा. त्यांनी गावसभेत सांगितलं, माणसांचे आवाज डब्यातून वाजवू, तुम्ही जाता त्या बाजूला नाही, नाल्याच्या पार पलीकडे. पुरुषांनी माना हलवल्या. कुणाचे आवाज, ते सरांनी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही. आवाज त्यांना त्यांच्या संस्थेच्या कपाटात मिळाले होते. केतकीताईनं काम संपल्यावर जमा केलेले.

सुनंदा त्या सकाळी मायच्या दोन झाडं पलीकडे होती. तिनं मला नंतर टेकाडावर उभं राहून सांगितलं, धापा टाकत.

"फेरी चालू होती. मायची झाली. मंग आपन गप राह्यतो ना मावशीसाठी, तशे गप होतो. अन् त्याच टायमाले नाल्यापलीकडून मावशी बोल्ली."

"काय बोलते तू?"

"उचकीवाली. थेच. एकदा, अन् मंग अजून एकदा."

दोनदा. माझ्याकडे ये.

माय गेली. टोपली तिथंच टाकून गेली. सुनंदानं मागून आरोळ्या दिल्या, एक, दोन, किती तरी, पण मायनं वळून पाहिलं नाही. बाकीच्या बाया एकत्र गोळा झाल्या. कुणाचे पाय उचलेनात. जी बाई गेली ती बोलावते, तेव्हा काय करायचं, याचा नेम आमच्यात नाही. कधी लागलाच नव्हता. नाला ओलांडून माय त्या जंगलात शिरली जिथं मावशी गेली त्या वर्षानंतर कुणी पाय ठेवला नव्हता, आणि समोरून तिची बहीण थांबून थांबून, दोनदा दोनदा, बोलावत राहिली.

उन्हं वर आल्यावर सर डबा बघायला गेले तर माय टेंभुर्णीच्या झाडाखाली बसलेली. डबा वर बांधलेला, आवाज दोनदा दोनदा वाजवायला लावलेला, आता वाजून गप झालेला. माय झाडाकडे तोंड करून गोंडीत हळूहळू बोलत होती. सर जवळ गेले तशी तिनं मराठीत विचारलं, "हिले कोनी बांधून ठेवलं रे बाबू?"

सर रडले म्हणे. वस्तीत येऊन सगळ्या बायांसमोर उभे राहिले. सगळे डबे उतरवले आणि निघून गेले. जाताना मायनं त्यांना चहा पाजला. तिला कुणावर राग धरता येत नाही. पण त्या दिवसापासून तिनं आरोळी देणं बंद केलं. दुसऱ्या कुणाची आली तरी ती ओ देईना. "काय मालूम थे तोंडातून आली का डब्ब्यातून," एवढंच. टोपली घेऊन जायची मात्र. मोह वेचल्याशिवाय उन्हाळा कसा निघणार? ओणवी व्हायची, आणि गप्प. ती कुठं आहे हे कुणालाच कळत नसे. हळूहळू दुसऱ्या बायाही आरोळी देताना अडखळायला लागल्या. पिढ्यान्‌पिढ्या जिनं बायांना घरी परत आणलं, ती फेरी तुटली.

अशी ती माझी भीती. वाघ तर होताच. पण आता माय जंगलात आवाजावाचून फिरत होती.

या वर्षी माघात केतकीताईचा फोन आला. कितीतरी दिवसांनी. आवाजात पूर्वीचा उत्साह. भाषांना पुन्हा मागणी आलीय, म्हणाली. फोनला, कॉम्प्युटरला गोंडी शिकवायची आहे, जुन्या नोंदी शोधताहेत, आपल्या वस्तीचं सगळंच त्यांना हवंय. "तुझी आणि मायची परवानगी असेल तरच," ती म्हणाली. डब्याची गोष्ट तिला कुणी सांगितलीच नव्हती. मी सांगितली.  

"मी ते जमा करायला नको होतं," ती म्हणाली.

मला तिला 'नाही' म्हणता येत नाही. जिनं अक्षर हातातून सुटू दिलं नाही, तिच्याशी बोलताना माझी जीभ आपोआप 'हो'कडे वळते. आणि 'हो' म्हणायच्या विचारासरशी टेंभुर्णीवरचा तो डबा डोळ्यांपुढे येतो. मी म्हटलं, मायला विचारते. सुनंदानं मायला टेकाडावर आणलं. मायनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गानं ने म्हना. गोठी ने. येर ने, भाकर ने, काय शब्द पाह्यजे थे ने. पोट्टे फोनात गोंडी बोलले तं बरंच हाय. आरोई नाई. आरोई कोनाच्या कपाटात ठेवाची चीज नोय."

ताईनं ते लगेच मान्य केलं. आरोळ्या काढून टाकायला लावते, म्हणाली. मग प्रामाणिकपणे पुढचंही सांगितलं: त्या आवाजाच्या किती नकला झाल्या असतील आणि कुठं असतील, हे तिलाच ठाऊक नाही. तिनं खोटा धीर दिला नाही याचे मी आभार मानले, आणि फोन ठेवल्यावर जिन्यात बसून राहिले. म्हणजे जनामावशी कुठंतरी आहेच. मायसुद्धा आहे. कुठल्याही झाडावरून, कधीही, त्या बोलावू शकतात.

आज पहाटे सुनंदाचा पुन्हा फोन आला. त्या वेळचा घरचा फोन मी भीत भीतच उचलते. पण ती हसत होती, मागे आणखी बाया हसत होत्या.

"मायनं काय केलं माहीत हाय का? सगळ्यायले जमा केलं अन् म्हने, जुन्या आरोया टाकून द्या. थ्या नेल्या लोकायनं. नव्या करा."

"अशा कशा करणार नव्या?"

"केल्या ना! माह्यी ऐकून सारे म्हनतात, कोंबडीचं मुंडकं पिरगाळलं. दोन दिवस तं कोन कोठी हाय, काईच समजे नाई, गरबडगुंडा नुसता. आता बसून राह्यली जिभीवर."

"आणि माय? माय देते?"

"देते तं! सगळ्यात आंधी तिचीच."

मी भिंतीला टेकले. मोठ्यानं रडले असते तर शेजारच्या खाटेवरच्या मुली उठल्या असत्या. सुनंदाला म्हटलं, मायला फोन दे. माय आली. तिचा श्वास लागला होता, टेकाड चढून आली होती.

"माय, एकदा दे ना. मला ऐकू दे."

"काय?"

"नवी आरोळी."

 वारा ऐकू येत होता, कुणीतरी टोपली आपटत होतं.

"फोनात नाई व," माय म्हणाली. "फोनात गेली का गेली. तू येजो. मोहाखाली ऐकजो."

भोंगा झाला. मी लव झटकून केस बांधले आणि पाळीला गेले. माय बोलते आहे, याचा आनंद खरा आहे. पण साच्याशी उभी असताना एक गोष्ट मनातून हलेना: आता त्या जंगलात माझ्या मायनं दोनदा आरोळी दिली, आणि मी अगदी पलीकडच्या झाडाखाली असले, तरी मला ती ओळखू येणार नाही.